घरकामाची शंभर वर्षे

शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक घरांत उजाडण्याआधी जाते सुरू होई. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, ज्वारीचेही फार टिकत नाही. म्हणून लागेल तेवढेच दळायचे आणि रोज दळायचे, असा रिवाज होता. पाच-सात माणसांच्या घरात एका बाईचे पहाटेचे तास-दोन तास त्यात जात. घर मोठे असले की सासू-सून किंवा जावा-जावा समोरासमोर बसून एकच खुंटा धरत. दळण उरकले की पाणी, पाणी भरले की चूल. गेल्या शतकात रोजच्या जगण्यात जे बदल झाले, त्यांत या तीन कामांतला बदल सर्वांत मोठा मानायला हवा. तिन्ही कामे बायकांची होती, रोजची होती, आणि सणवार, पाऊस, आजारपण यांपैकी कशानेही ती चुकत नसत.

जाते म्हणजे काळ्या दगडाच्या दोन गोल तळ्या. खालची जमिनीत बसवलेली, वरची मधल्या खुंटीभोवती फिरणारी. एका हाताने खुंटा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने तोंडात मूठमूठ वैरण घालायची. वैरण जास्त झाली तर पीठ भरड येते, कमी झाली तर दगडावर दगड घासून पिठात कचकच उतरते. हात बसायला लहानपणापासूनचा सराव लागे. वापराने दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणारा येऊन त्यावर पुन्हा घाव घालून देई. दळणाऱ्या बाया ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सगळेच त्यांत येई. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या. महाराष्ट्रातील शेतकरी बाईच्या मनाचा एवढा मोठा लेखी ठेवा दुसरा नाही. मात्र त्या ओव्यांमुळे जात्याच्या कष्टाला गोडवा आला असे मानणे चूक आहे. जाते फिरवणे जड होते, खांदे भरून येत, आणि गिरणी आली तशी बायांनी ती लगेच जवळ केली.

गिरणी शहरांत आधी आली. खेड्यांत ती पोहोचवली डिझेल इंजिनाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासारख्या शेतीच्या अवजारांसाठी. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. वीज पोहोचण्याच्या आधी कित्येक गावांत विहिरीचे पाणी उपसायला आणि पीठ दळायला अशी इंजिनेच होती. जाते लग्नातल्या हळदीपुरते आणि डाळी भरडण्यापुरते उरले, आणि आठवड्याचे दळण डब्यात भरून गिरणीत ठेवून येणे हे काम बहुधा शाळकरी पोरांकडे आले. पुरुषांच्या हाती आलेले हे कदाचित पहिले घरकाम. कोकणात उखळ-मुसळाची जागा भातगिरणीने घेतली. कांडलेल्या तांदळाला कोंड्याचा अंश राही, गिरणीचा तांदूळ पांढराशुभ्र निघू लागला. त्या कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्वाचा मोठा भागही गेला.

या बदलाला दुसरी बाजू होती. दुसऱ्यांचे दळण-कांडण करून पोट भरणे हा निराधार बाईचा, विशेषतः विधवेचा, हक्काचा आधार होता. गिरणीने तो काढून घेतला. त्याच सुमारास घरातली इतर कामेही हळूहळू पैशाच्या व्यवहारात आली. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बाया कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना जेवू घालत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळू लागले. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. तोच पुढे लिज्जत पापडाचा उद्योग झाला. पापड, मसाले, शेवया, लोणची ही उन्हाळ्यातली घरची कामे आता दुकानातून पुडक्यांत येतात, आणि त्यामागे बहुतेक ठिकाणी बायकांचेच हात असतात.

पाण्याचा प्रश्न केवळ अंतराचा नव्हता. पाणवठा कोणाचा, हे जात ठरवत असे. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळ्यापुरता तसा निर्णयही घेतला. पण प्रत्यक्षात अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो सत्याग्रहींसह त्या तळ्याचे पाणी प्याले, आणि परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले. तळ्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. १९७२ च्या सुमारास बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली, यावरून कायद्याचा हुकूम गावच्या विहिरीपर्यंत पोहोचायला किती काळ गेला ते कळते. दलित वस्तीतल्या बाईला काठाशी उभे राहून कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहावी लागे. तिचा पाण्यात जाणारा वेळ इतर बायांपेक्षा कितीतरी जास्त असे, हे घरकामाच्या इतिहासात सहसा लिहिले जात नाही.

शहरांत नळ आला, पण बराच काळ तो चाळीच्या मोरीत किंवा वाड्याच्या चौकात एकच असे. पाणी ठरलेल्या वेळी येई. पिंप, कळशा, घागरी भरून ठेवायच्या, बंबात आंघोळीचे पाणी तापवायचे. खेड्यांत १९७२ च्या दुष्काळाने चित्र पालटले. विहिरी कोरड्या पडल्यावर कठीण खडकात बोअर घेण्याची यंत्रे आली आणि बोअरवर हापसे बसले. सुरुवातीचे बिडाचे परदेशी पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते. दिवसभर सगळे गाव हापसू लागल्यावर ते मोडत. जालन्याच्या मिशनमध्ये आणि नंतर सोलापुरात पोलादाचा, जोडकाम केलेला मजबूत पंप तयार झाला. त्याच 'सोलापूर पंपा'वरून युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क २' हा हातपंप घडवला गेला. पुढे तो आफ्रिकेतल्या देशांतही गेला. जगभर इतक्या लोकांच्या कामी आलेली, महाराष्ट्रात जन्मलेली दुसरी वस्तू सांगता येणे कठीण; तरी त्याची माहिती इथल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच सापडते.

हापसे कोरडेही पडले. बोअर जितके खोल गेले तितके भूजल खाली गेले, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यातला टँकर नित्याचा झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१९ पासून केंद्राची जलजीवन योजना घरोघर नळ देण्याचे काम करते आहे. नळ दारात येणे आणि त्या नळाला बारा महिने पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जळणाचे काम दोन ठिकाणी होते, आधी रानात आणि मग चुलीपाशी. लाकूडफाटा, तुराट्या, पऱ्हाट्या गोळा करायच्या, शेणाच्या गोवऱ्या थापून वाळवायच्या, पावसाळ्यापूर्वी त्या आडोशाला रचायच्या. चूल मातीची, शेजारी वैल, रोज सारवायची. ओल्या लाकडाला फुंकणीने फुंकत बसले की धुराने डोळे चुरचुरत, भिंती आणि आढे काळे पडत. हा धूर नुसता त्रासाचा नव्हता. चुलीच्या धुराने दमा, फुप्फुसांचे जुनाट विकार आणि लहान मुलांना न्यूमोनिया होतो, हे वैद्यकाने पुढे सप्रमाण दाखवले.

शहरात कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी आणि मग रॉकेलचा स्टोव्ह आला. पितळी स्टोव्ह पेटवणे हा एक विधीच होता. आधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून किंवा काकडा लावून बर्नर तापवायचा. तो पुरेसा तापला की पंप मारायचा, म्हणजे टाकीतले रॉकेल दाबाने वर चढून वाफ होऊन निळ्या ज्योतीने पेटते. बर्नर नीट तापला नसेल तर पिवळा भडका उडे, बारीक भोक कचऱ्याने बुजले तर पिन मारावी लागे. स्टोव्हच्या भडक्याने कित्येक जणी भाजल्या, आणि 'स्टोव्हचा भडका' हे शब्द हुंडाबळींच्या बातम्यांत सत्य झाकण्यासाठीही वापरले गेले.

स्वयंपाकाचा गॅस भारतात प्रथम मुंबईत, १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने आणला. पुढची तीन-चार दशके गॅसची जोडणी मिळवणे ही मध्यमवर्गीय घरातली मोठी घटना होती. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. गॅसने इंधन तर बदललेच, शिवाय बाईला जमिनीवरून उठवले. चूल आणि शेगडी खाली असे, भाजी चिरणे, पीठ मळणे, पोळी लाटणे सगळे उकिडवे किंवा मांडी घालून. गॅसबरोबर कडप्प्याचा ओटा आला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. काही वर्षांनी पाट जाऊन टेबल-खुर्ची आली. पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी, बायकांची सर्वांत शेवटी, हा क्रम टेबलाने पुष्कळसा मोडला. एकत्र बसायला जागा झाली म्हणून एकत्र जेवण सुरू झाले.

खेड्यात हे सगळे फार उशिरा आले. २०११ च्या जनगणनेत देशातील ४९ टक्के घरांत लाकूड हेच मुख्य जळण होते आणि गॅस फक्त २८.५ टक्के घरांत होता. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गरीब घरांत सिलिंडर पोहोचला. तो संपल्यावर पुन्हा भरून आणणे परवडत नाही, म्हणून अनेक घरांत गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवरच, अशी विभागणी आजही दिसते.

विजेची कहाणी थोडक्यात सांगता येते. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली, पण ती मुख्यतः कापडगिरण्यांसाठी. घरांत चिमण्या, समया आणि कंदील होते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर असे, आणि रोज संध्याकाळी त्याची काच राखेने पुसणे हे मुलींचे काम. साठच्या दशकात राज्य वीज मंडळ स्थापन झाले, कोयनेची वीज आली आणि खांब गावोगाव पोहोचले.

विजेवर आणि गॅसवर चालणाऱ्या वस्तूंपैकी तीन वस्तूंनी स्वयंपाकाचा वेळ सर्वांत जास्त कमी केला. प्रेशर कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेमुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून तासभर रटरटणारी तूरडाळ काही शिट्ट्यांत शिजते. मुंबईत हॉकिन्स कंपनी १९५९ मध्ये निघाली. त्याच्या आदल्या वर्षी गोदरेजने भारतात बनवलेला फ्रीज बाजारात आणला, आणि शिळे-ताजे यांच्या जुन्या कल्पना त्याच्या थंड कप्प्यात हळूहळू विरल्या. पाटा-वरवंटा मात्र सत्तरच्या दशकापर्यंत टिकला, कारण परदेशी मिक्सर सुके खोबरे आणि भिजवलेल्या डाळी वाटताना जळत. सत्यप्रकाश माथुर या मुंबईतील अभियंत्याने आपल्या घरचा जर्मन मिक्सर असाच निकामी झाल्यावर जास्त ताकदीच्या मोटरचा सुमीत मिक्सर बनवला आणि वाटणाचे काम मिनिटांवर आले.

दळण, पाणी, जळण यांतून सुटलेले तास बाईच्या वाट्याला आले, पण सगळे विश्रांतीसाठी नव्हे. मुलांचा अभ्यास, नोकरी, आजारी माणसांचे दवाखाने यांनी ते भरले. काम हलके झाले, ते कोणी करायचे हा हिशेब फारसा बदलला नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती, आणि ते करणारे पुरुष चारांत जेमतेम एक.