कुत्र्याला ट्रेनिंगला ठेवताय? मग तुम्हालाही शिकावं लागेल!

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. इथल्या गजबजलेल्या किनाऱ्यावर हाक मारूनही न परतणारा कुत्रा स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालतो. शिवाय सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात आणि मोकळे कुत्रे ती घरटी उकरतात.

मग काही आठवडे निवासी प्रशिक्षण केंद्रात ठेवलं की काम झालं? नाही. कुत्रा ‘बस’, ‘ये’ हे शब्द जागा आणि माणूस यांच्यासकट शिकतो. ट्रेनरचं ऐकणारा कुत्रा घरी मात्र ढिम्म राहू शकतो. म्हणूनच पोलीस दलात श्वान आणि त्याचा हँडलर एकत्र प्रशिक्षण घेतात.

केंद्र निवडताना हे बघा:
• रेबीजसह सर्व लसींची नोंद मागतात का?
• राहण्याची जागा दाखवतात का?
• खाऊ, शाबासकी देऊन शिकवतात की मारून? मारहाण हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.
• शेवटी मालकाकडून सराव करून घेतात का?

घरी आणल्यावर रोज दहा मिनिटं लांब दोरी बांधून किनाऱ्यावर सराव घ्या. दर हाकेला तो परतू लागला, की मगच दोरी सोडण्याचा विचार करा.