संत्र्याच्या सालीतले हेस्पेरिडिन : फेकल्या मालाला भाव केव्हा मिळतो?

संत्रा-मोसंबीच्या हंगामात बागवान बांधवांच्या वखारीबाहेर आणि रसवाल्यांच्या गाड्यांमागे सालींचे ढीग लागतात. मग कोणीतरी येऊन सांगतो की, या सालीत मोलाचे औषधी द्रव्य आहे, पैसे गुंतवा, साल गोळा करा. यात खरे किती, हे गाठचा पैसा घालण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

द्रव्य कोणते?

या द्रव्याचे नाव हेस्पेरिडिन. वनस्पतींमध्ये फ्लॅवोनॉइड नावाच्या द्रव्यांचा मोठा गट असतो, त्यातले हे एक. १८२८ साली लेब्रेतों या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने सालीच्या आतील पांढऱ्या थरातून ते प्रथम वेगळे केले. सालीच्या वरच्या रंगीत भागात असते ते सुगंधी तेल. हेस्पेरिडिन मुख्यतः आतल्या पांढऱ्या थरात आणि फोडींच्या पापुद्र्यात असते. दोन्ही माल वेगळे आणि दोहोंचे गिऱ्हाईकही वेगळे. संत्रे, मोसंबी व लिंबू यांत हेस्पेरिडिन सापडते. पपनसात मात्र त्याचे भाऊबंद नॅरिंजिन असते. पपनसाचा कडवटपणा बराचसा त्याचाच.

ते काढतात कसे?

हेस्पेरिडिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण चुन्याच्या निवळीसारख्या क्षारयुक्त पाण्यात विरघळते. म्हणून साल अशा पाण्यात भिजवून गाळतात. गाळलेल्या पाण्यात आम्ल घातले की फिकट पांढरी भुकटी तळाशी बसते. ती पुढे शुद्ध करावी लागते. हे काम ऐकायला सोपे वाटते. परंतु आम्ल, सांडपाणी आणि शुद्धतेची तपासणी पाहता तो घरगुती धंदा नव्हे.

मागणी कशासाठी?

हेस्पेरिडिनपासून कारखान्यात डायोस्मिन बनवतात. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांवरील गोळ्यांत ही दोन्ही द्रव्ये वापरली जातात. नॅरिंजिनपासून साखरेहून शेकडो पटींनी गोड पदार्थ तयार करता येतो. म्हणजे मागणी खरी आहे. पण ती शुद्ध मालाला आहे, उकिरड्यावरच्या सालीला नाही.

आपल्या हाती काय?

आमच्या मते लहान व्यापाऱ्याचे काम अर्क काढण्याचे नसून कच्चा माल नीट पुरवण्याचे आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोवळ्या, हिरव्या फळात वजनाच्या मानाने हेस्पेरिडिन पिकल्या फळाहून पुष्कळ जास्त असते. विदर्भातील संत्रा बागांत फळगळीने पडणारी बारीक फळे म्हणूनच सालीपेक्षा सरस कच्चा माल ठरू शकतात.

हिशेबही आधी मांडावा. १०० किलो ओली साल वाळली की साधारण २० ते २५ किलो उरते. त्यात हेस्पेरिडिन शेकडा काही भागच. वाहतूक, वाळवणी व मजुरी त्यातूनच निघायची आहे. साल त्याच दिवशी पसरावी, कारण ढिगात ती तापते आणि बुरशी धरते. संत्रे, मोसंबी व लिंबू यांची साल एकत्र करू नये. फवारणीची औषधे आणि फळावरचे मेण यांविषयी खरेदीदार विचारणारच. तेव्हा माल कोणत्या बागेचा, याची नोंद ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग खरेदी. अर्क काढणाऱ्या कारखान्यास थोडा नमुना द्यावा, प्रयोगशाळेत हेस्पेरिडिनचे प्रमाण तपासून घ्यावे आणि भाव लेखी ठरवावा. यंत्र विकणारा माणूसच माल परत घेण्याचे तोंडी वचन देत असेल, तर चार पावले मागे सरावे.

दाव्यांपासून सावध

१९३६ साली सेंट-ग्यॉर्गी या नामवंत शास्त्रज्ञाने लिंबातील अशा द्रव्यांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले. पुढे ते जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले नाही आणि ते नाव मागे पडले. थोरांचा अंदाजही तपासणीत टिकला नाही, तेथे सालीची पूड ‘मधुमेहावर रामबाण’ म्हणून विकणाऱ्याची काय कथा? अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. माल माल म्हणूनच विकावा. कोरडा, स्वच्छ, एकजिनसी माल आणि खरे माप ठेवणाऱ्याकडे खरेदीदार दुसऱ्या हंगामातही येतो.