बायबल-चिकित्सा

बायबलमधील ग्रंथ केव्हा, कोठे, कोणी व कोणासाठी रचले, त्यांची आजची संहिता कशी सिद्ध झाली आणि त्यांतील कथनांचा तत्कालीन समाजस्थितीशी कोणता संबंध होता, यांचा इतिहास व भाषाशास्त्र यांच्या साधनांनी केलेला अभ्यास. ‘चिकित्सा’ हा शब्द येथे दोषदर्शनाच्या नव्हे, तर परीक्षणाच्या अर्थाने योजिला आहे. तथापि ज्या श्रद्धावंतांपुढे ती प्रथम आली, त्यांना ती दोषदर्शनच वाटली. महाराष्ट्रात, विशेषतः वसई परिसरातील (जि. पालघर) कॅथलिक समाजात, ती पुष्कळ उशिरा पोहोचली आणि तोवर तिच्याशी सामाजिक न्यायाचा प्रश्न जोडला गेलेला होता.

यूरोपात रीशार सीमाँ (१६३८–१७१२) या फ्रेंच धर्मगुरूने १६७८ मध्ये जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास लिहिला आणि बायबलची पहिली पाच पुस्तके आजच्या स्वरूपात एकट्या मोशेची असू शकत नाहीत, असे दाखविले. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे वाचणाऱ्यास ही शंका सहज येते. पहिल्यात पशुपक्ष्यांनंतर स्त्री व पुरुष एकाच वेळी निर्माण होतात. दुसऱ्यात पुरुष आधी, मग पशुपक्षी आणि शेवटी स्त्री. देवाचे नावही दोहोंत वेगळे आहे. यूलिउस व्हेलहाउझेन (१८४४–१९१८) या जर्मन पंडिताने अशा भेदांवरून भिन्न काळांतील चार मूलस्रोतांची उपपत्ती १८७८ पासून मांडली. तिच्या तपशिलांत पुढे बरेच फेरफार झाले. अनेक स्रोतांचे तत्त्व मात्र टिकले.

या अभ्यासाचा न्यायाशी असलेला संबंध प्रथम ठळकपणे दिसला तो दक्षिण आफ्रिकेत. नाताळचे बिशप जॉन विल्यम कोलेन्सो (१८१४–८३) बायबलचे झुलू भाषांतर करीत असता त्यांच्या झुलू सहकाऱ्याने त्यांना विचारले, की जलप्रलयाची कथा खरोखरच घडली काय? कोलेन्सोंना होकार देता येईना. १८६२ पासून त्यांनी या पाच पुस्तकांचे चिकित्सक परीक्षण प्रसिद्ध केले व त्यासाठी त्यांच्यावर पाखंडाचा खटला झाला. याच बिशपने पुढे वसाहत सरकारविरुद्ध लांगालिबालेले या आफ्रिकी प्रमुखाची बाजू घेतली आणि १८७९ च्या झुलू युद्धाचा निषेध केला. सामान्य माणसाचा प्रश्न खरा मानणे, हे दोहोंच्या मुळाशी होते.

रोमन कॅथलिक चर्चने या पद्धतीकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी आधुनिकतावादाचा निषेध केला आणि आल्फ्रेद ल्वाझी या फ्रेंच अभ्यासकाला १९०८ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. पोप बारावे पायस यांच्या १९४३ च्या परिपत्रकाने हे धोरण बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संमत केलेल्या प्रकटीकरणविषयक दस्तऐवजात ग्रंथकाराचा हेतू व त्याचा साहित्यप्रकार लक्षात घेण्यास सांगितले असून मूळ भाषांवरून देशभाषांत भाषांतरे करण्यास उत्तेजन दिले आहे. ज्याच्यासाठी ल्वाझींना बाहेर जावे लागले, त्यातील बराच भाग साठ वर्षांच्या आत सेमिनरींच्या अभ्यासक्रमात आला.

मराठीत बायबल आले ते मुख्यतः प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या हातून. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर छापखान्यातून मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये व संपूर्ण नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाईंची श्रद्धा चिकित्सक पंथाची नव्हती. पण मूळ शब्दापर्यंत स्वतः जावे आणि तो अल्पशिक्षित स्त्रीपर्यंत न्यावा, ही त्यांची धडपड या विषयाच्या मराठी इतिहासात मानाची जागा घेते.

वसईची परिस्थिती निराळी होती. येथील ख्रिस्ती समाज मुख्यतः पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) धर्मांतरित झालेल्या शेतकरी, बागायतदार व कोळी कुटुंबांचा. सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी या ओळखी धर्मांतरानंतरही टिकल्या. घरात बोली आणि उपासनेत लॅटिन, अशी स्थिती व्हॅटिकन परिषदेपर्यंत राहिल्याने बायबल वाचण्यापेक्षा प्रवचनातून ऐकण्याचाच ग्रंथ होता. मराठी उपासनेबरोबर मराठी बायबलची गरज निर्माण झाली, तेव्हा ते चिकित्सेला मान्यता मिळाल्यानंतरचे बायबल होते.

या मान्यतेचा महाराष्ट्रातील सर्वांत समर्थ विद्वान म्हणजे पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातील जेझुइट प्राध्यापक जॉर्ज सोअरिस-प्रभू (१९२९–९५). मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूजन्माच्या कथांवरील त्यांचा प्रबंध १९७६ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. पद्धतीवर असे प्रभुत्व असूनही ती भारतासाठी अपुरी आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. ग्रंथाचा भूतकाळ उलगडणारी ही पद्धत स्वतःस तटस्थ म्हणविते. पण दारिद्र्य व जातिभेद यांनी ग्रासलेल्या समाजात तटस्थ वाचन शक्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. बायबलमधील ‘गरीब’ ही केवळ आध्यात्मिक नम्रतेची उपमा नसून अन्यायाने दरिद्री झालेल्या माणसांचा तो खराखुरा समूह होय, हे त्यांनी दाखविले. येथे चिकित्सेचा उपयोग स्पष्ट होतो. मत्तयाच्या पाठात ‘आत्म्याने दीन’ धन्य ठरतात, लूकच्या पाठात नुसते ‘दीन’. आणि लूकचा पाठ मूळ वचनाला अधिक जवळचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशूच्या बहिष्कृतांबरोबरच्या पंक्तिभोजनाचा अर्थही त्यांनी दलित ख्रिस्ती लोकांच्या संदर्भात लावला. जालन्यात दलित कुटुंबात जन्मलेले अरविंद निर्मळ (१९३६–९५) यांनी ‘अनुवाद’ या पुस्तकातील भटक्या पूर्वजाच्या निवेदनात दलितांचा इतिहास वाचला व दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींत स्थान नाही, ही वस्तुस्थिती या लेखनामागे आहे.

बायबल सर्वत्र दीनांच्या बाजूने बोलते, असे मात्र नाही. त्यात गुलामगिरीचे नियम आहेत. ‘यहोशवा’ या पुस्तकात देवाज्ञेने केलेला मूळ रहिवाशांचा संहार आहे. यरीहो येथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२–५८ मध्ये केलेल्या उत्खननात त्या विजयाच्या मानलेल्या काळातील तटबंदी आढळली नाही. वारली, कातकरी इ. आदिवासींच्या जमिनी हातच्या गेलेल्या पालघरसारख्या जिल्ह्यात ही माहिती निव्वळ पुरातत्त्वाची राहत नाही.

वसईत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) यांच्या कार्यात. सुवार्ता मासिकाचे ते दोन दशकांहून अधिक काळ संपादक होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बागायतींचा पट्टा बांधकामांसाठी मोकळा होऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि जमीनखरेदीत दहशत शिरली, तेव्हा उभ्या राहिलेल्या सर्वधर्मीय हरित वसई चळवळीचे ते एक प्रमुख नेते होते. त्यांचे सुबोध बायबल २०१० मध्ये पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढले. चालू मराठीतील या भाषांतराला स्पष्टीकरणाची जोड असल्याने ते चर्चबाहेरील वाचकांकडेही गेले. धर्मगुरूने वेदीपाशीच थांबावे, असा आक्षेप अशा कार्यावर घेतला जातो. परंतु आमोस या संदेष्ट्याला इ. स. पू. आठव्या शतकातील इझ्राएलच्या जमीनदारीत ठेवून वाचले, किंवा अहाब राजाने बळकावलेल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्याकडे जमिनीच्या व्यवहाराची कथा म्हणून पाहिले, तर जमिनीचा प्रश्न धर्माबाहेर ठेवणे ग्रंथालाच धरून नाही, असे दिसते. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूच्या निवडीलाच काहींनी विरोध केला होता. चर्चच्या आतील आणि बाहेरील हे दोन्ही आक्षेप एकाच माणसाच्या वाट्याला आले.