विश्लेषण : ७० सेंटीमीटरची ‘पीटी-१०९’… बुडालेल्या युद्धबोटीचे मोठे मॉडेल घडवणे इतके अवघड का?

दुसऱ्या महायुद्धात २ ऑगस्ट १९४३ च्या पहाटे सॉलोमन बेटांजवळ अमेरिकी नौदलाची एक लहानशी लाकडी बोट बुडाली. तिचा कप्तान पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, म्हणून ‘पीटी-१०९’ हे नाव टिकले. मूळ बोट आज कोणालाही पाहता येत नाही. पण प्लास्टिक मॉडेलच्या रूपात ती १९६० च्या दशकापासून घरोघरी बांधली जात आहे. त्यातले १/३५ प्रमाणातले मॉडेल तर कॅरम बोर्डाच्या एका बाजूएवढे लांब होते. एवढे मोठे मॉडेल बांधायला घेतले की गोंद आणि रंग यांच्यापेक्षा वेगळेच प्रश्न समोर उभे राहतात…

बोट कोणती होती?

‘पीटी’ म्हणजे ‘पॅट्रोल टॉर्पेडो’. न्यू जर्सीतल्या बेयॉन येथील एल्को कंपनीने बांधलेल्या या बोटी ८० फूट, म्हणजे सुमारे २४.४ मीटर लांबीच्या होत्या. त्यांवर चार टॉर्पेडो नळ्या, दोन जुळ्या मशीनगन आणि मागे २० मिलिमीटरची तोफ असे. पॅकार्ड कंपनीची तीन पेट्रोल इंजिने त्यांना ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास वेग देत. पोटात सुमारे ११ हजार लिटर पेट्रोल असे, त्यामुळे एक ठिणगीही पुरेशी होती. या बोटी ‘प्लायवूडच्या’ होत्या असे अजूनही लिहिले जाते, ते चूक आहे. महोगनीच्या फळ्यांचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये चिकटवलेले कॅनव्हास, अशी त्यांची बांधणी होती.

‘पीटी-१०९’ १९४२ मध्ये तयार झाली. एप्रिल १९४३ मध्ये जॉन एफ. केनेडी या तरुण लेफ्टनंटकडे तिची सूत्रे आली. अपघाताच्या रात्री त्यांचे वय २६ होते. ब्लॅकेट सामुद्रधुनीत गस्त घालत असताना ‘अमागिरी’ ही जपानी विनाशिका काळोखातून थेट बोटीवर आली आणि तिने बोट चिरली. बोटीवर १३ जण होते. अँड्र्यू कर्कसी आणि हॅरॉल्ड मार्नी हे दोघे मारले गेले, ११ वाचले.

१/३५ म्हणजे नेमके केवढे?

दिवाळीतला किल्ला आठवा. बुरुज वीतभर उंच आणि त्यावर ठेवलेला मावळा दरवाजापेक्षाही मोठा. तिथे कोणी हरकत घेत नाही, उलट त्यातच मजा असते. मॉडेलच्या छंदात मात्र नेमकी हीच गोष्ट चालत नाही. बोट ३५ पटीने लहान केली की खलाशी, दोर, खिळे आणि रंगाचा थर, सगळेच ३५ पटीने लहान व्हायला हवे.

इटलीतल्या इटालेरी कंपनीच्या १/३५ किटमधली ‘पीटी-१०९’ सुमारे ७० सेंटीमीटर भरते, त्यावरचा खलाशी पाच सेंटीमीटरचा. जुने आणि अधिक परिचित प्रमाण १/७२ आहे, त्यात हीच बोट ३४ सेंटीमीटरची होते. लांबी दुप्पट झाली तरी आकारमान आठपटींहून जास्त वाढते, आणि चुका तर त्याहूनही अधिक दिसू लागतात. अर्ध्या मिलिमीटरची फट उघडी राहिली, तर खऱ्या बोटीवर ती पावणेदोन सेंटीमीटरची भेग झाली. अशी बोट बंदरातून बाहेर पडली नसती. लहान मॉडेलमध्ये पाहणारा मनानेच तपशील भरून घेतो, मोठ्यात तो वाकून शोधायला लागतो.

कोणत्या तारखेची बोट बांधायची?

इथेच खरा प्रश्न सुरू होतो. ‘पीटी-१०९’ अशी एकच बोट नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिककडे नेण्यासाठी तिला नॉरफोक येथे ‘जोसेफ स्टॅन्टन’ या मालवाहू जहाजाच्या डेकवर चढवले होते. त्या वेळचे छायाचित्र उपलब्ध आहे. पण ती बोट आणि वर्षभराने बुडालेली बोट यांत फरक होता. त्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक पुढच्या डेकवर होता.

या बोटींच्या पुढच्या डेकवर एक जीवरक्षक तराफा असे. मोठ्या मारगिरीची शस्त्रे कमी पडतात म्हणून केनेडींनी ३७ मिलिमीटरची एक रणगाडाविरोधी तोफ मिळवली. मूळची ती भूदलाची तोफ. तिला जागा करण्यासाठी तराफा काढला गेला. तोफ पक्की बसवायला वेळ नव्हता, म्हणून ती लाकडी तुळयांवर ठेवून दोरांनी बांधली. हे सगळे शेवटच्या गस्तीच्या अगदी तोंडावर झाले. त्यामुळे ती नेमकी कशी बांधली होती, हे मुख्यत्वे वाचलेल्यांच्या कथनांवरूनच जुळवावे लागते.

म्हणजे ज्या रात्री तराफ्याची खरी गरज पडली, त्या रात्री तो बोटीवर नव्हता. होत्या त्या तुळया. पहाटेच्या धडकेनंतर बोटीचा पुढचा भाग तरंगत राहिला आणि वाचलेले काही तास त्याला धरून होते. तो उलटायला लागला तेव्हा ११ जणांनी साडेपाच किलोमीटरवरच्या एका छोट्या बेटाकडे पोहत जायचे ठरवले. ज्यांना नीट पोहता येत नव्हते, त्यांनी तोफेखालची एक तुळई धरली आणि पाय मारत ते पुढे सरकले. इंजिन सांभाळणारे पॅट्रिक मॅकमहन गंभीर भाजले होते. त्यांच्या जीवरक्षक जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी त्यांना ओढत घेऊन गेले. चार तासांच्या आसपास हे पोहणे चालले.

मॉडेलमध्ये ही तुळई बोटाएवढीही जाड नसते. तोफ चिकटवली की ती जवळजवळ झाकली जाते. बॉक्समधला रंगीत फोटो पाहून घाईने जोडणारा तिला फारसे महत्त्व देत नाही. पण ही बोट बांधण्याचे कारण जर तिची शेवटची रात्र असेल, तर सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो या भागाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्लास्टिकवर बारीक करवतीच्या पात्याने लाकडाच्या रेषा ओढाव्यात. रंग डेकपेक्षा वेगळा, कच्च्या लाकडाचा द्यावा, कारण हे काम कारखान्यातले नव्हते. किटमधल्या प्लास्टिकच्या दोराऐवजी खरा दोरा बांधावा. दीड सेंटीमीटर जाडीचा दोर १/३५ मध्ये साधारण ०.४ मिलिमीटर होतो, म्हणजे शिवणाचा जाड दोरा चालतो. मात्र तो आधी मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर त्याचे तंतू उभे राहतात आणि त्या प्रमाणात ते बोटाएवढे केस दिसतात.

आणि हो, तराफा आणि तोफ दोन्ही पुढच्या डेकवर एकत्र दिसले, तर ती कोणत्याच तारखेची बोट नाही.

रंगावरून वाद का?

युद्धकाळातली छायाचित्रे कृष्णधवल आहेत. बोट कारखान्यातून राखाडी रंगात आली आणि सॉलोमन बेटांवर तिला गडद हिरवा रंग मिळाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दिवसा या बोटी खाडीच्या कडेला झाडीखाली लपवल्या जात, तेव्हा हिरवा रंग समजण्यासारखा आहे. छटा कोणती, यावर मात्र हौशी मंडळी वर्षानुवर्षे भांडत आहेत. दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

वाद नसलेली एक गोष्ट मात्र सर्रास चुकते. युद्धनौका म्हटली की मॉडेलवाले बाजूंवरून गंजाचे लाल-तपकिरी ओघळ काढतात. बोट लाकडाची! लाकूड गंजत नाही. गंज फक्त पोलादी जोडकामाशी, साखळीशी, तोफेच्या भागांशी दिसायला हवा. बाजूंवर दिसेल तो उडालेला रंग, धक्क्याला घासल्याचे ओरखडे, मागच्या बाजूला धुराची काजळी आणि पाण्याच्या रेषेवरचे शेवाळ.

रंग लावताना आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दमट हवेत लॅकर वॉर्निश फवारले की पृष्ठभागावर पांढुरका धुरकट थर येतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. महिन्याभराची मेहनत त्या दहा मिनिटांत जाते. शक्यतो वॉर्निशचे काम दिवाळीनंतर ठेवावे, किंवा पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वापरावे.

जोडकामात काय सांभाळायचे?

प्लास्टिक मॉडेलचा गोंद हा नेहमीच्या अर्थाने गोंद नसतो. तो पॉलिस्टायरिन विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत वितळून जुळतात, जवळपास वेल्डिंगच. म्हणून गोंद लावण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच बसवून पाहायचा. लांब तळ किंचित वाकलेला असतो. त्यावर डेक जबरदस्तीने दाबून चिकटवला तर काही दिवसांनी कडेचा जोड उकलतो. आतून आडव्या पट्ट्या घालाव्यात, टेपने बांधून रात्रभर ठेवावे, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर. एअरब्रशने पातळ थर द्यावेत. ब्रशने दिलेला ०.१ मिलिमीटरचा जाड थर खऱ्या बोटीवर साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि फळ्यांच्या रेषा त्याखाली बुजून जातात.

पाण्यावर दाखवायची की स्टँडवर?

स्टँडवर ठेवली तर तळ आणि तीन पंखे दिसतात, बोट समजते. पाण्यावर दाखवली तर प्रसंग समजतो. बहुतेकांना पाणी हवे असते, आणि पाणी म्हणजे उसळता फेस, नाक वर काढून सुसाट निघालेली बोट. चित्र देखणे दिसते यात शंका नाही. फक्त ते त्या रात्रीचे नाही. विमानांना मागचा चमकता फेसाळ पट्टा दिसू नये म्हणून ‘पीटी-१०९’ त्या वेळी एकाच इंजिनावर संथ चालत होती. रात्र चंद्राविना काळी होती आणि विनाशिका ओळखून वळायला वेळच मिळाला नाही. म्हणजे खरा देखावा जवळजवळ सपाट, काळ्या-निळ्या पाण्याचा. ॲक्रिलिक जेलचे पातळ थर देऊन हलक्या लाटा उठवल्या की पुरे. पाण्याखाली थर्माकोल वापरला तर त्यावर थेट थिनरचा रंग लावू नये, तो थर्माकोल खातो.

धडकच दाखवायची हौस असेल, तर हिशेब करून पाहावा. ‘अमागिरी’ सुमारे ११८ मीटर लांब होती. १/३५ मध्ये ती जवळपास ३.४ मीटर होईल, म्हणजे अनेक फ्लॅटच्या बेडरूमपेक्षा लांब. टॉर्पेडो बोट तिच्यापुढे किती क्षुल्लक होती, हे या एका आकड्याने जितके कळते तितके कशाने कळत नाही.

संदर्भ कुठून घ्यायचा?

युद्ध संपल्यावर फिलिपिन्समध्ये शंभराहून अधिक पीटी बोटी जाळून टाकल्या गेल्या. लाकडी बोटी सांभाळणे परवडत नव्हते. त्यामुळे उरलेल्या थोड्या बोटी मोलाच्या आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर येथील ‘बॅटलशिप कोव्ह’ संग्रहालयात ‘पीटी-६१७’ ही ८० फुटी एल्को बोट जतन केली आहे. डेकवरचे दरवाजे, हातकड्या, फळ्यांच्या दिशा यांसाठी तिची छायाचित्रे उपयोगी पडतात. पण ती नंतरची बोट आहे, हे विसरून तिचे सगळे तपशील उचलू नयेत. ‘पीटी-१०९’चे स्वतःचे फारसे काही हाती नाही. रॉबर्ट बॅलार्ड यांच्या मोहिमेला २००२ मध्ये सामुद्रधुनीच्या तळाशी एक टॉर्पेडो आणि त्याची नळी सापडली.

घरात ठेवायचे कुठे?

दिवाणखान्यातल्या शोकेसचा एक कप्पा साधारण फूट-दीड फूट रुंद असतो, त्यात ही बोट मावत नाही. किट मागवण्याआधी जागा मोजावी, हा सल्ला अनेकांना नंतरच आठवतो. धूळ हा मुख्य शत्रू. फडक्याने पुसायला गेले की पहिली मशीनगन तुटते. त्यामुळे ॲक्रिलिकची पेटी ही चैन नाही. पाया २० मिलिमीटर जाडीच्या लाकडाचा, बोट खालून दोन स्क्रूंनी पक्की. खिडकीतले थेट ऊन टाळावे, त्याने रंग फिके पडतात. प्रदर्शनाला नेताना पेटी बंद गाडीत उन्हात ठेवून जेवायला जाऊ नये, प्लास्टिक वाकते.

पेटीत बोटीशेजारी अनेकजण एक छोटा नारळही ठेवतात. बेटावर अडकलेल्या ११ जणांना शोधून काढले ते बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन स्थानिक तरुणांनी. त्यांच्यासोबत केनेडींनी नारळाच्या कवचावर कोरून निरोप पाठवला आणि त्यानंतर ८ ऑगस्टला सगळ्यांची सुटका झाली. ते कवच आज बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहे. खालच्या पाटीवर मात्र बहुतेक वेळा फक्त केनेडींचे नाव दिसते. ७० सेंटीमीटरच्या पायावर जागा भरपूर असते. तारीख २ ऑगस्ट १९४३, खाली कर्कसी आणि मार्नी, शेजारी गासा आणि कुमाना, एवढे सहज मावते. मार्नी पुढच्या मशीनगनच्या घुमटीत होता. खलाश्यांच्या आकृत्या बसवणार असाल, तर तिथली जागा रिकामी ठेवू नका.