पुढच्या चाकांचा दोष मिलिमीटरचा, भुर्दंड हजारोंचा

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्हे मालवाहतुकीचे मोठे क्षेत्र आहेत. सेडम, वाडी व मलखेडचे सिमेंट, शहाबादची फरशी, कलबुर्गीची तूर आणि बिदरचा ऊस ट्रकनेही वाहून नेला जातो. पुणे-हैदराबाद महामार्ग हुमनाबादवरून जातो, तर बसवकल्याणनजीकचा सस्तापूर बंगला परिसर ट्रकच्या कामांसाठी प्रसिद्ध आहे. या भागात पसरलेली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. परिणामी तिच्यावरील रस्ते खचतात, लाटांसारखे उंचसखल होतात. त्याचा पहिला मार बसतो तो वाहनाच्या पुढच्या चाकांना.

पुढच्या चाकांच्या मांडणीत तीन कोन महत्त्वाचे असतात. चाक उभ्या रेषेपासून आत वा बाहेर किती कलले आहे, तो कॅम्बर. चाक ज्या किंग पिनभोवती वळते, ती मागे किती झुकली आहे, तो कॅस्टर. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळेच. तिसरा टो, म्हणजे वरून पाहिल्यास दोन्ही चाके पुढच्या बाजूस एकमेकांकडे झुकलेली आहेत की फाकलेली. धावताना रस्त्याचा रोध चाकांना बाहेर ढकलतो आणि सांध्यांतील ढिलाई ताणली जाते. म्हणून उभ्या वाहनाची चाके पुढे किंचित जवळ ठेवतात. हा फरक साधारणपणे शून्य ते तीन मिलिमीटर असतो. अचूक आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

हा फरक सहा मिलिमीटरने चुकला तर काय होते? प्रत्येक चाकाच्या वाट्याला तीन मिलिमीटर येतात. ट्रकच्या टायरचा व्यास सुमारे एक मीटर असतो. त्यामुळे दर मीटरला टायर तीन मिलिमीटर आडवा घासला जातो, म्हणजे किलोमीटरमागे तीन मीटर. बिदर ते कलबुर्गी या सुमारे ११० किलोमीटरच्या एका फेरीत हेच घासणे तीनशे मीटरच्या पुढे जाते. टायर लवकर झिजतो आणि डिझेलही जास्त लागते. कर्जाच्या हप्त्यावर ट्रक चालविणाऱ्याला हा तोटा डोईजड होतो.

दोष ओळखण्याची सोपी खूण हाताला कळते. टायरवरून तळहात आडवा फिरवावा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर नेताना धार लागत असेल, तर चाके प्रमाणाबाहेर आत झुकलेली आहेत. याउलट जाणवल्यास फाकलेली आहेत.

मोजमापापूर्वी सपाट जमीन व टायरमधील योग्य हवा हवी. किंग पिन, चाकांचे बेअरिंग, टाय रॉडचे सांधे, पाटे आणि यू-बोल्ट तपासावेत. यांत ढिलाई असेल तर आधी ती दूर करावी, अन्यथा घेतलेले माप टिकत नाही. नंतर एक्सल जॅकवर उचलून टायरच्या मध्यभागी खडू लावावा आणि चाक फिरवीत खिळ्याने बारीक रेघ ओढावी. वाहन खाली उतरवून थोडे पुढे ढकलावे, म्हणजे पाटे मूळ जागी बसतात. मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधील अंतर पुढे व मागे मोजावे. मागचे अंतर पुढच्यापेक्षा जितके जास्त, तितका आत झुकाव.

दुरुस्ती टाय रॉडवर होते. त्याच्या दोन टोकांचे आटे उलटसुलट असतात. क्लॅम्प सैल करून रॉड फिरवला की त्याची लांबी बदलते. रॉड एक्सलच्या मागे असल्यास लांबी वाढवल्याने झुकाव वाढतो. क्लॅम्प घट्ट करून माप पुन्हा घ्यावे आणि स्टीअरिंग सरळ आहे ना, हे पाहावे.

कॅम्बरचे तसे नाही. अखंड एक्सलमध्ये तो घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला तर एक्सल वाकलेला असण्याची शक्यता असते. भट्टीत तापवून तो सरळ करणे म्हणजे पोलादाची ताकद घालवणे होय. कॅस्टर पाटा व एक्सल यांमधील पाचरीने बदलता येतो. पुढे दोन स्टीअरिंग एक्सल असलेल्या बारा चाकी ट्रकमध्ये दोन्ही एक्सलची चाके परस्परांना समांतरही हवीत. मागचा एक्सल तिरका बसला असेल, तर पुढची दुरुस्ती व्यर्थ जाते.

नियमानुसार ट्रकच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मात्र एकाच कडेने झिजलेला टायर मध्यभागी चांगला दिसतो आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. असा टायर भर उन्हात, पूर्ण भारासह फुटला तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. चोर्ला वा अनमोड घाटातून माल आणणाऱ्या गोव्यातील ट्रकमालकांनाही हाच धडा लागू आहे. पाटे वा किंग पिनचे काम झाल्यावर, तसेच मोठ्या खड्ड्याचा धक्का बसल्यावर हे माप घ्यायलाच हवे. त्यासाठी दोर, खडू आणि मोजपट्टी एवढी साधनेही पुरतात.