सणावाराचे क्रोशाकाम : काही सोपे नमुने आणि मजुरीचा हिशेब

पुण्याच्या ईशान्येस, जुन्या नगर रस्त्यावर वसलेले वाघोली हे गाव वाघेश्वराचे देवस्थान आणि दगडखाणी यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २०२१ साली या गावाचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. एकेकाळी जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे आता मोठमोठ्या गृहसंकुलांच्या रांगा उभ्या आहेत. शेजारच्या केसनंद, लोणीकंद, कोलवडी या गावांत मात्र अद्याप शेती होते, आणि तेथील कुटुंबांना आपला माल घेणारे गिऱ्हाईक वाघोलीच्या वस्तीत सहज भेटते. भाजीपाला व दूध यांच्या जोडीला घरच्या स्त्रियांना फावल्या वेळात करता येईल असा जोडधंदा कोणता, असा प्रश्न महिला मंडळांच्या बैठकींत वारंवार विचारला जातो. क्रोशाचे विणकाम हे त्याचे एक उत्तर होऊ शकते. मात्र ते हिशेबाने केले पाहिजे.

रुखवतात मांडावयाचे रुमाल, बाळाचे टोपडे, देवघरातील आसन या वस्तू महाराष्ट्रातील घराघरांत क्रोशाने विणल्या जात आल्या आहेत. त्यांत कौशल्य पुष्कळ असले तरी पैसा क्वचितच मिळाला, कारण त्या विकण्यासाठी केलेल्या नसत. विकावयाची वस्तू ही सणाला, ऋतूला किंवा एखाद्या नित्याच्या गरजेला धरून असावी लागते. गुढीपाडवा, बैलपोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत हे सण ठरलेल्या क्रमाने येतात. त्यांच्या दोन महिने आधी कामास लागावे, हा शेतीच्या हंगामाचाच नियम येथेही लागू पडतो.

या कलेचा शेतीशी असलेला एक जुना संबंध येथे सांगण्याजोगा आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढील काही वर्षे तेथे भीषण दुष्काळ झाला. खेड-आंबेगाव भागातील बटाटा उत्पादकांना परिचित असलेला उशिरा येणारा करपा तो हाच. एकाच पिकावर सारी भिस्त ठेवलेली कुटुंबे उघडी पडली. त्या काळात कॉर्क येथील मठातील जोगिणींनी व क्लोन्स येथील एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने गरीब स्त्रियांना क्रोशाची जाळी विणण्यास शिकविले. या जाळीच्या विक्रीतून अनेक घरांतील चुली पेटत्या राहिल्या. भांडवल म्हणून सूत आणि एक आकडीची सुई एवढेच लागत असल्यामुळे हे शक्य झाले.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातील नरसापूर हे या कामाचे सर्वांत मोठे केंद्र आहे. गोदावरीच्या मुखाजवळील या भागात मिशनरी कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात स्त्रियांना ही कला दिली, आणि २०२४ साली तेथील जाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु नरसापूरची दुसरी बाजूही ग्रामसेविकांनी ध्यानात घ्यावी. मारिया मीस या विदुषीने तेथील विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना ‘घरी बसलेल्या गृहिणी’ समजून अत्यंत अल्प मोबदला दिला जात असे आणि नफा व्यापारी व निर्यातदार यांच्याकडे जात असे, असे त्यात दाखविले आहे. काम फावल्या वेळात झाले म्हणून ते फुकट झाले, ही समजूत आपल्याकडेही आहे. या लेखात मजुरीचा हिशेब दिला आहे तो त्यासाठीच.

साहित्य आणि टाके

शिकाऊ हाताला बारीक दोरा देऊ नये. चार पदरी लोकर व साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीची सुई घेतल्यास टाके स्पष्ट दिसतात व उसवणे सोपे जाते. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारी बहुतेक लडी आज अॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. ओळखण्यासाठी एक तुकडा सुरक्षित जागी जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख उरते, तर अॅक्रिलिक वितळून त्याची कठीण गोळी बनते. याच कारणासाठी अॅक्रिलिकचे तोरण दिवाळीत पणत्यांच्या ज्योतीपासून दूर बांधावे, आणि ही सूचना गिऱ्हाइकालाही द्यावी. गडद लाल वा हिरवा दोरा पांढऱ्याबरोबर वापरण्यापूर्वी तो ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबावा. रंग सुटल्यास तो दोरा त्या कामाला घेऊ नये.

टाके पाचच यावे लागतात. सुईवर सरकफास घेऊन आकडीत दोरा धरावा व फासातून ओढावा. ही साखळी होय. टाक्यात सुई घालून दोरा ओढून आणला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढल्यास मुका खांब होतो. खांबासाठी आधी सुईवर एक वेढा घ्यावा. टाक्यातून दोरा ओढल्यावर तीन फास होतील. त्यांपैकी दोनांतून दोरा काढावा व नंतर उरलेल्या दोनांतून काढावा. तेच तीन फास एकदम काढले तर अर्धा खांब होतो. दोरा टाक्यातून व सुईवरील फासातून एका झटक्यात ओढणे हा सरकता टाका, तो फेरी जोडण्यास उपयोगी पडतो. खांबाची फेरी सुरू करताना तीन साखळ्या घ्याव्यात, त्या पहिल्या खांबाच्या जागी धरतात.

आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण

पान हिरव्या लोकरीचे करावे. २० साखळ्या घ्याव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब, पुढच्या साखळीत १ अर्धा खांब, त्यापुढील १५ साखळ्यांत प्रत्येकी १ खांब, नंतर १ अर्धा खांब आणि शेवटच्या साखळीत १ मुका खांब घालावा. एका बाजूचे १९ टाके पूर्ण झाले. आता ३ साखळ्या घेऊन त्यांतील पहिल्या साखळीत सरकता टाका घातला की पानाचे टोक तयार होते. काम न उलटवता मूळ साखळीच्या दुसऱ्या कडेने त्याच क्रमाने परत यावे : १ मुका खांब, १ अर्धा खांब, १५ खांब, १ अर्धा खांब, १ मुका खांब. देठाशी सरकता टाका घालून १० साखळ्यांचा देठ ठेवावा व दोरा तोडावा. पान सुमारे ९ ते १० सेंटीमीटर लांब भरते. हात सैल असेल तर पान लोळते. अशा वेळी सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्यावी.

झेंडूसाठी केशरी किंवा पिवळी लोकर घ्यावी. ४ साखळ्यांचे कडे करून त्यात १० मुके खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात ३ खांब, म्हणजे ३० खांब होतील. तिसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात २ खांब घालून ६० करावेत. टाके गरजेपेक्षा मुद्दाम अधिक घातल्यामुळे कडेला चुण्या पडतात व फूल आपोआप भरगच्च दिसते. सपाट वर्तुळ विणताना हाच दोष ठरला असता, येथे तो गुण आहे.

९० सेंटीमीटर रुंदीच्या चौकटीला ९ पाने व ८ फुले लागतात. तेवढ्याच लांबीच्या साखळीवर मुक्या खांबांच्या दोन ओळी घालून पट्टी करावी. दोन्ही टोकांस ५ सेंटीमीटर जागा सोडून, एक पान व एक फूल या क्रमाने, दर ५ सेंटीमीटरवर टाचून घ्यावे.

हीच फुले पोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या माथोटीवर शोभतात. परंतु जनावराच्या तोंडाला पोचतील इतकी लांब ती सोडू नयेत आणि मिरवणूक संपताच काढून ठेवावीत. कृत्रिम धागा पोटात गेल्यास पचत नाही.

अंगणवाडीसाठी भाज्या

विणलेल्या भाज्यांची परडी हा लहान मुलांना हमखास आवडणारा प्रकार होय. टोमॅटो सर्वांत सोपा असल्यामुळे तोच आधी करावा. सर्व फेऱ्या मुक्या खांबाच्या असून त्या न जोडता गोल गोल विणत जाव्यात. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात निराळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा, म्हणजे मोजणी चुकत नाही.

पहिल्या फेरीत ६ टाके असावेत. दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून १२ करावेत. तिसरीत एक टाका साधा व पुढच्यात दोन, असे सहा वेळा करून १८, आणि चौथीत दोन साधे व पुढच्यात दोन, असे सहा वेळा करून २४ होतात. यापुढील चार फेऱ्या २४ टाक्यांच्याच ठेवाव्यात. नंतर घट करावी. दोन टाके साधे व पुढचे दोन एकत्र घेतल्यास १८ उरतात. येथे कापूस किंवा लोकरीचे तुकडे घट्ट भरावेत. पुढे एक साधा व दोन एकत्र घेऊन १२, आणि शेवटी दोन-दोन एकत्र घेऊन ६ टाके उरले की दोरा ओवून तोंड आवळावे. हिरवा देठ करण्यासाठी लहान कड्यावर पाच वेळा ५ साखळ्या घेऊन परतीला ४ मुके खांब घालावेत व प्रत्येक पाकळी कड्यास सरकत्या टाक्याने जोडावी.

जांभळ्या लोकरीत मधल्या चार फेऱ्यांऐवजी आठ घातल्या की वांगे होते. फिकट गुलाबी लोकरीत देठ न लावता वर दोऱ्याचा झुबका ठेवला की कांदा होतो. डोळे किंवा शोभा म्हणून मणी अगर बटणे लावू नयेत, कारण लहान मूल ती ओढून तोंडात घालते. काही काढावयाचे असल्यास दोऱ्यानेच भरावे.

बाजाराची जाळीदार पिशवी

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी व सुती पिशव्यांना गिऱ्हाईक वाढले. ही पिशवी सुती जाड दोऱ्यातच करावी. सूत ओले झाल्यावर अधिक बळकट होते, म्हणून धुतलेली भाजी तीत ठेवता येते.

३ मिलिमीटरची सुई घेऊन ४ साखळ्यांच्या कड्यात १२ खांब घालावेत व पुढील तीन फेऱ्यांत ते अनुक्रमे २४, ३६ व ४८ करावेत. तळ तयार झाला. आता ६ साखळ्या घेऊन दोन टाके सोडावेत व तिसऱ्यात मुका खांब घालावा. अशा १६ कमानी होतील. पुढे प्रत्येक कमानीच्या मध्यात मुका खांब व मध्ये ६ साखळ्या, याप्रमाणे बारा फेऱ्या न जोडता विणाव्यात. काठासाठी प्रत्येक कमानीत ३ मुके खांब घालून पुन्हा ४८ टाके करावेत व आणखी दोन फेऱ्या साध्या घालाव्यात. नंतर १० मुके खांब, ५० साखळ्या, १४ टाके सोडून पुन्हा १० मुके खांब, ५० साखळ्या, व १४ टाके सोडून फेरी जोडावी. यावर मुक्या खांबांच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी १२० टाक्यांच्या, घातल्या की दोन्ही बंद पक्के होतात. बंदांच्या सांध्यात दुहेरी टाका घ्यावा, पिशवी प्रथम तेथेच फाटते.

मजुरीचा हिशेब

पहिले तोरण विणताना घड्याळ समोर ठेवून वेळ टिपून ठेवावा. समजा, सरावलेल्या हाताला एका पानास १५ मिनिटे व एका फुलास २५ मिनिटे लागतात. ९ पानांचे सव्वादोन तास, ८ फुलांचे ३ तास २० मिनिटे, पट्टीचा एक तास व जोडणीची पाऊण तास धरली तर एकूण ७ तास २० मिनिटे होतात. तासाला ५० रुपये मजुरी धरल्यास सुमारे ३६७ रुपये व लोकरीचे १०० रुपये मिळून ४६७ रुपये खर्च येतो. गावातील शेतमजुरीचा रोजचा दर आठाने भागून जो आकडा येईल त्यापेक्षा तासाची मजुरी कमी धरू नये. अशा तोरणाला कोणी २०० रुपये देऊ केले तर विणणारीला तासाला चौदा रुपयेही पडत नाहीत. मग ते विकण्यापेक्षा खुरपणीला गेलेले बरे.

म्हणून तोरण हे आगाऊ मागणी व अर्धी रक्कम घेऊनच करावे. प्रदर्शनात मांडण्यास भाज्यांची परडी व पिशवी अधिक बरी, कारण त्या लवकर होतात आणि गिऱ्हाईक त्या जास्त प्रमाणात घेते. व्यापाऱ्याने दोरा देऊन नगावर मजुरी ठरविली असेल तर दोऱ्याचे वजन, नगांची संख्या व दर वहीत लिहून त्याची सही घ्यावी. मंडळाची वही नसेल तर असे काम पत्करू नये.

कामाची वाटणी करणेही सोयीचे पडते. २०१६ सालच्या जानेवारीत चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या समूहातील स्त्रियांनी ११ हजार चौरस मीटरहून मोठी गोधडी क्रोशाने पुरी करून जागतिक विक्रम केला. निरनिराळ्या घरी विणलेले चौकोनी तुकडे एकत्र जोडून ती तयार झाली. त्याच रीतीने एकीने पाने, दुसरीने फुले व तिसरीने पट्टी केल्यास प्रत्येकीचा हात त्या एका कामावर बसतो आणि वेळ वाचतो. मात्र सर्वांची सुई एकाच मापाची व लोकर एकाच लडीच्या रंगाची असावी, नाहीतर तोरणाचे अर्धे एका छटेचे व अर्धे दुसऱ्या छटेचे दिसते.

तयार माल सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, न पिळता टॉवेलात दाबून, सावलीत सपाट पसरून वाळवावा. टांगून वाळविल्यास पिशवी लांबते. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये. पुढच्या सणापर्यंत ठेवावयाचा माल पूर्ण कोरडा झाल्यावर सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह पेटीत ठेवावा.