योबेलचं शिंग आणि गरीब देशांचं कर्ज

मराठी बायबलमधलं लेवीय हे पुस्तक भाविकही फारसं उघडत नाहीत. अर्पणं कशी करावीत, कोणता प्राणी खावा, कोणता खाऊ नये असे नियम त्यात पानोपानी आहेत. पण त्याच्या पंचविसाव्या अध्यायात अर्थकारणाचा एक कायदा आहे. सात वर्षांची सात आवर्तनं संपली की पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, शिंग फुंकायचं आणि देशभर सुटका जाहीर करायची. विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत द्यायची. पोटासाठी स्वतःला विकून दुसऱ्याच्या दारी राबणारा माणूस आपल्या घरी परत जायचा. या वर्षाचं नाव योबेल.

त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मधल्या काळात जमीन विकायची तर भाव कसा काढायचा, हेही तिथे लिहिलेलं आहे. पुढच्या योबेलला जितकी वर्षं उरली असतील, तितक्या पिकांची किंमत घ्यायची. चाळीस वर्षं उरली असतील तर जास्त, तीनच उरली असतील तर कमी. जमीन घेणाऱ्याला व्यवहार अमुक वर्षी संपणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असे आणि तो त्याच मापाने पैसे मोजत असे. कुणाची मर्जी किंवा कुणाची दया, यांवर काही अवलंबून ठेवलेलं नव्हतं. हा कायदा प्राचीन इस्राएलात प्रत्यक्ष कितपत पाळला गेला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गेल्या पस्तीस वर्षांत त्याने जागतिक बँकेच्या आणि अनेक देशांच्या अर्थमंत्र्यांच्या टेबलापर्यंत जी मजल मारली, ती मागे वळून पाहण्यासारखी आहे.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. तेलसंपन्न देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांमध्ये येऊन पडला आणि बँकांनी तो आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतल्या सरकारांना हातोहात कर्जाऊ दिला. १९७९ नंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई मोडण्यासाठी व्याजाचे दर वर नेले. कर्जं बदलत्या व्याजाची होती, त्यामुळे हप्ते फुगले. त्याच सुमारास तांबं, कॉफी, कोको यांचे भाव कोसळले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि मग एकेका देशाचं नाव थकबाकीदारांच्या यादीत येत गेलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक मदतीला आल्या त्या अटी घेऊन: खर्च कापा, अनुदानं बंद करा. कित्येक देशांत गावच्या दवाखान्यात केसपेपरला आणि प्राथमिक शाळेत फीला पैसे पडू लागले.

चर्चने या प्रश्नात लक्ष घातलं ते १९८६ मध्ये. व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने त्या वर्षी आंतरराष्ट्रीय कर्जाच्या नैतिक बाजूवर स्वतंत्र निवेदन काढलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या आपल्या परिपत्रकात तत्त्व मांडलं: कर्ज फेडलं पाहिजे हे खरं, पण जनतेला उपासमारीत लोटून ते वसूल करण्याचा अधिकार कुणालाही नाही. १९९४ मध्ये त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. २००० हे वर्ष ख्रिस्तजन्माचा महोत्सव म्हणून साजरं व्हायचं होतं. त्या निमित्ताने गरीब देशांचं कर्ज मोठ्या प्रमाणात कमी करावं, जमलं तर रद्दच करावं, असं त्यांनी जगाला सुचवलं.

इंग्लंडमध्ये हीच कल्पना आधीच एका निवृत्त प्राध्यापकाच्या मनात घोळत होती. मार्टिन डेन्ट हे कील विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत. तरुणपणी ते नायजेरियात वसाहत सरकारचे अधिकारी होते. १९९० च्या आसपास विद्यार्थ्यांबरोबर काम करताना लेवीयातला हा अध्याय आणि २००० हे साल यांची सांगड त्यांनी घातली. बिल पीटर्स हे निवृत्त मुत्सद्दी त्यांना येऊन मिळाले. पुढे अ‍ॅन पेटिफर यांनी चळवळीची सूत्रं हाती घेतली आणि 'जुबिली २०००' हे नाव चर्चच्या सूचनाफलकांवरून, रविवारच्या प्रार्थनासभांमधून, कामगार संघटनांच्या बैठकांतून फिरू लागलं. आफ्रिकेतून केप टाऊनचे आर्चबिशप एन्जोंगोन्कुलू एन्डुंगाने यांच्यासारख्यांचा आवाज आला, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. एरवी ही श्रीमंतांनी गरिबांसाठी चालवलेली आणखी एक मोहीम ठरली असती.

१६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये जी-८ देशांच्या प्रमुखांची बैठक होती. सुमारे सत्तर हजार माणसं त्या दिवशी शहरात आली आणि त्यांनी हातात हात धरून बैठकीच्या परिसराभोवती साखळी केली. त्यांत चर्चच्या मंडळ्यांतून आलेल्या वयस्क बाया होत्या, नन होत्या, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप होते. नेमके त्या दिवशी राष्ट्रप्रमुख शहराबाहेरच्या एका वाड्यात चर्चेला गेले होते. पण इतकी गर्दी पाहून पंतप्रधान टोनी ब्लेअर परतले आणि चळवळीच्या नेत्यांना भेटले. वर्षभराने, जून १९९९ मध्ये, जर्मनीतल्या कोलोनच्या बैठकीत १९९६ पासूनची कर्जमाफीची योजना मोठी करण्याचं ठरलं. जर्मनीत ही मागणी करताना कार्यकर्त्यांनी यजमानांना १९५३ च्या लंडन कराराची आठवण करून दिली. त्या करारात युद्धात उद्ध्वस्त झालेल्या पश्चिम जर्मनीचं जवळपास निम्मं कर्ज सोडून दिलं होतं. चळवळ संपेपर्यंत मागणीपत्रावर २ कोटी ४० लाख सह्या झाल्या.

अमेरिकेतली हकिगत तर अगदी वेगळी. तिथे अलाबामाचे रिपब्लिकन प्रतिनिधी स्पेन्सर बॅकस माफीच्या बाजूने उभे राहिले. परदेशी मदतीबद्दल त्या पक्षात फारशी आस्था नव्हती. बॅकस यांचं मन वळवलं ते त्यांच्या मतदारसंघातल्या, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या, एका चर्चमधल्या माणसांनी. ती थेट वॉशिंग्टनला जाऊन त्यांना भेटली होती. २००० च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने कर्जमाफीसाठी ४३ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केले. भारतानेही २००३-०४ च्या अर्थसंकल्पात अतिकर्जबाजारी गरीब देशांना सवलत जाहीर केली.

मिळालेली माफी लहान नव्हती. १९९६ ची मूळ योजना, १९९९ ची वाढीव आणि २००५ ची पुढची योजना मिळून ३७ देशांना १०० अब्ज डॉलरहून जास्त दिलासा मिळाला. त्यातले ३१ देश आफ्रिकेतले. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी काढून टाकली. झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण दवाखान्यांतलं शुल्क बंद केलं.

युगांडाची गोष्ट मात्र जवळून पाहिली पाहिजे, कारण माफीवरचा सर्वांत रास्त आक्षेप तिथेच तपासता येतो. आक्षेप असा की सोडलेला पैसा मंत्र्यांच्या खिशात जाईल. तो खोटा नव्हता. १९९१ ते ९५ या काळात युगांडात शाळांसाठी केंद्राकडून निघालेल्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोचत, असं जागतिक बँकेच्या पाहणीत आढळलं. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि प्रत्येक शाळेने मिळालेल्या पैशाची नोटीस भिंतीवर लावावी असा नियम केला. शेतावरून मुलाला न्यायला आलेल्या बापाला ती वाचता येई, नाहीतर मास्तरांकडून वाचून घेता येई. काही वर्षांत शाळेत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. याचं श्रेय एकट्या वर्तमानपत्रांचं नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. कर्जमाफीतून वाचलेल्या रकमेसाठी सरकारने १९९८ मध्ये वेगळा निधी काढून त्यावर देखरेख बसवली होती, तिचाही त्यात हात होता. माझ्या मते माफीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही आणि ती डोळे मिटून देऊ नये याचाही हाच पुरावा आहे.

विरोधकांचा दुसरा प्रश्न जास्त खोल होता. आज सोडलं तर उद्या पुन्हा कर्ज काढतील, आणि ज्यांनी पोट मारून फेडलं त्यांनी काय पाप केलं? आपल्याकडे शेतकरी कर्जमाफीच्या प्रत्येक घोषणेनंतर हाच प्रश्न विचारला जातो. चळवळीतल्या पुष्कळांनी तो उडवून लावला. मला ते बरोबर वाटलं नाही. त्याचं उत्तर लेवीयातल्या पिकांच्या हिशेबात आहे: शेवटाची तारीख आणि रीत आधीपासून ठरलेली असेल, तर देणाराही हात राखून देतो. जबाबदारी एकट्या घेणाऱ्याची उरत नाही. फिलिपिन्समध्ये मार्कोस राजवटीने बाटान इथे अणुवीज प्रकल्प उभारला. त्यातून विजेचं एक युनिटही निघालं नाही, पण जनता त्याचं कर्ज २००७ पर्यंत फेडत होती. तो पैसा देणाऱ्या बँकांना कुणी जाब विचारला नाही.

या बाबतीत मराठी माणसाला बाहेरून काही शिकवायची गरज नाही. दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, ही कथा आपल्या घराघरात आहे. ती एका सावकाराच्या अंतःकरणाची गोष्ट. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला आणि न्यायाधीशाला कागदामागे जाऊन कर्ज मुळात कसं वाढलं ते तपासण्याचा अधिकार मिळाला. दामदुपटीचा जुना नियम तर मुंबई इलाख्याची न्यायालयंही मानत: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नाही. आणि वसईत १९१८ मध्ये धर्मगुरूंच्या पुढाकाराने पतपेढी निघाली, तिची आज बॅसीन कॅथलिक बँक झाली आहे. आता दामदुपटीचा नियम मनात ठेवून नायजेरियाचे अध्यक्ष ओबासान्जो यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब पाहा. घेतले सुमारे पाच अब्ज डॉलर, फेडले सोळा, आणि तरीही देणं अठ्ठावीस अब्ज.

राष्ट्राराष्ट्रांत दामदुपट नाही, कागदामागे जाणारा न्यायाधीशही नाही. तो असावा असा एक प्रयत्न झाला होता. २००१ मध्ये नाणेनिधीच्या उपप्रमुख अ‍ॅन क्रूगर यांनी देशांसाठी दिवाळखोरीसारखी रीतसर व्यवस्था सुचवली. अमेरिकेने पाठिंबा नाकारला आणि २००३ मध्ये प्रस्ताव बारगळला. तोवर जुबिली २००० ची मोठी संघटना विसर्जित झाली होती, वर्ष उलटून गेलं होतं. योबेलमधली माफी आपण घेतली आणि कायदा तिथेच सोडला. या साऱ्या काळातली सर्वांत मोठी चूक मी हीच मानतो.

तिची किंमत झांबियाने मोजली. त्या देशाचं रोमेनियाकडून घेतलेलं जुनं कर्ज डोनेगल इंटरनॅशनल या कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटींचा दावा लावला. २००७ मध्ये न्यायालयाने दीड कोटीच्या वर रक्कम देववली. झांबियाला माफी मिळून अवघं वर्ष-दीड वर्ष झालं होतं. त्या संतापातून ब्रिटनमध्ये २०१० चा कायदा झाला. माफीच्या योजनेतल्या देशांकडून खासगी धनकोंनाही तिच्या प्रमाणापलीकडे तिथल्या न्यायालयांतून वसुली करता येणार नाही, असं त्याने ठरवलं. ब्रिटनमध्ये चळवळीच्या हाती कायदा म्हणून लागलं ते एवढंच, आणि तेही फक्त जुन्या कर्जापुरतं.

नवं कर्ज दुसऱ्या वाटेने आलं. २०१२ ते २०१५ या काळात झांबियाने तीन वेळा मिळून ३ अब्ज डॉलरचे रोखे विकले, शिवाय चीनकडून घेतलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि देश थकबाकीदार झाला. रोखेधारकांशी तडजोड पुरी व्हायला जून २०२४ उजाडलं. ज्या देशाने माफीच्या जोरावर दवाखान्यातलं शुल्क काढलं होतं, त्याला पुन्हा साडेतीन वर्षं धनकोंच्या दारात बसावं लागलं.

पोप फ्रान्सिस यांनी २०२५ चं जुबिली वर्ष जाहीर करताना कर्जाचा विषय पुन्हा वर आणला आणि पृथ्वीची नासाडी करणाऱ्या श्रीमंत देशांवर गरिबांचं पर्यावरणीय ऋण आहे, अशी जोड त्याला दिली. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. जूनमध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या अध्यक्षतेखालच्या जुबिली आयोगाचा अहवाल आला. या वेळी त्यात माफीच्या जोडीला नियम बदलण्याची मागणी ठळक आहे, ही मला आशेची गोष्ट वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेने २०२४ मध्ये दिलेला आकडा असा की ३३० कोटी माणसं अशा देशांत राहतात, जिथे सरकार शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा व्याजावर जास्त खर्च करतं.

६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोममधल्या सेंट पीटर्सचं पवित्र द्वार बंद केलं आणि जुबिली वर्ष संपलं. त्या दिवशीही राष्ट्रांसाठी दिवाळखोरीचा कायदा जगात अस्तित्वात नव्हता.